ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा

मधल्या सुट्टीत, शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत, त्या साइटवरची बाई बाबाचं पुस्तक वाचायला लागली आणि थांबेचना. तसं पाहिलं तर एवढंच झालं. स्पीकरच्या चित्रावर टकळीने स्वतःच बोट दाबलं होतं, तेही मोठ्या ऐटीत, कारण शेजारी वर्गातली चष्मिष उभी होती आणि चष्मिषला कशाचंही कौतुक वाटायला लावणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. "साइट नुसतं पुस्तक बनवत नाही, वाचूनसुद्धा दाखवते," टकळी म्हणाली, "ऐक." आणि ती बाई, जिचा आवाज ना तरुण ना म्हातारा, ना रागावलेला ना खूश, सुरू झाली : मी वर आहे तू खाली आहेस का दार उघडं आहे हात आत घे मी सोडतोय थांब झालं का. एका दमात. चष्मिष आधी फिसकन हसली, मग चष्मा पुसत म्हणाली, "अगं, तुझे बाबा काय गाडी चुकेल म्हणून पळत पळत सांगतायत?" टकळीही हसली. हसताना तिला, जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाऊल पोकळीत पडावं, तसं वाटलं. तिने आवाज बंद केला. पडद्यावर पुस्तक छानच दिसत होतं. ठसठशीत मथळे, दोन्ही बाजूंना सारखा समास, खाली पानाचा आकडा. सहा पानं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

बोट ठेवायला जागा नाही, हीच भानगड आहे, हे तिला तेव्हा कळलं नाही. घंटा झाली, चष्मिष "चल चल" करत निघून गेली, आणि गणिताच्या बाई फळ्यावर वर्तुळ काढत असताना टकळीच्या डोक्यात ती दुसरी बाई वाचतच राहिली. मी वर आहे तू खाली आहेस का. खरं तर हे वाक्य बाबाचं होतं. शंभर टक्के त्याचंच. त्यातला एकही शब्द टकळीने बदलला नव्हता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा, लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते त्या शाफ्टमध्ये उतरून. गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला तोपर्यंत करायचा. मग कंपनीतल्या प्रशिक्षणवाल्या साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, की बघा, शाफ्टमध्ये आता तुम्हाला पाठवता येत नाही. एक वर, एक खाली, दोघांनी ओरडून बोलायचं काम, आणि तुम्ही तर. पण तुमच्या डोक्यात जे आहे ते लिहून काढा. शाफ्टमध्ये कसं बोलायचं, कधी बोलायचं. नवीन लोकांना ते शिकवता आलं, पुस्तक उपयोगी पडलं, तर तुम्हाला शिकवायला ठेवून घेऊ. नाहीतर मग. साहेबांनी ते 'नाहीतर मग' पुरं केलं नव्हतं. बाबाने घरी येऊन ते जसंच्या तसं टाइप करून दाखवलं होतं, आणि आईने ते पुरं केलं होतं : "नाहीतर मग घरी बसा, असंच ना?" आज चार वाजता कारखान्यातल्या सरावाच्या शाफ्टपाशी नवीन तुकडी येणार होती. तिच्या हातात ते पुस्तक पडणार होतं. सहा पानांचं.

पुस्तक लिहायला बाबाला तीन आठवडे लागले असतील. रोज जेवण झाल्यावर तो खुर्ची खिडकीकडे ओढायचा आणि मोबाइलवर, एका अंगठ्याने, ठक् ठक् करत बसायचा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या ताईने त्याला सोपी युक्ती शिकवली होती : काका, रंगरंगोटीच्या नादी लागू नका, साधा मजकूर लिहा. मथळा असेल तर ओळीच्या आधी एक हॅश टाका, महत्त्वाच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन चांदण्या टाका. ती फाइल साइटवर चढवली की साइट आपोआप त्याचं पुस्तक करते. छापता येतं, लिंक पाठवता येते. बाबाला ते फार आवडलं होतं. चांदण्या टाकताना त्याचा चेहरा, नट घट्ट बसल्यावर व्हायचा, तसा व्हायचा. पण साइटवर चढवायचं काम टकळीने मागून घेतलं होतं. मागून कसलं, हिसकावूनच. "बाबा, तू फक्त लिही. पुढचं माझ्यावर सोड." आणि फाइल साइटवर उघडल्यावर तिला दिसलं, की जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन फिकट ठिपके आहेत. मोकळ्या जागा. शब्द संपल्यावर कोणीतरी उगाच दोनदा स्पेस दाबलेली. तिला हसू आलं होतं, मायेनेच आलं होतं : बिचाऱ्याचा अंगठा, घसरतो. साइटवर एक झाडूचं चित्र होतं. तिने ते दाबलं आणि सगळे ठिपके गेले. गेले ते गेले, आणि अकरा पानांचं पुस्तक सटकन सहा पानांवर आलं. तुटक तुटक ओळी जाऊन भरीव परिच्छेद झाले, अगदी खऱ्या पुस्तकासारखे. ती घरभर नाचली होती. "अकराची सहा केली! आई, अकराची सहा!" साहेबांना लिंक तिनेच पाठवली, बाबाच्या मोबाइलवरून, आणि साहेबांचं उत्तर आलं होतं : आटोपशीर झालंय. छान. आणि बाबानेही वाचून टाइप केलं होतं : छान.

"लक्ष कुठाय?" गणिताच्या बाई म्हणाल्या. "इथेच, बाई," टकळी म्हणाली, आणि वर्ग हसला, कारण टकळीला उत्तर द्यायला कधी विचार करावा लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेत ते नाव घरूनच आलं होतं. पण ते नाव काही जन्मापासूनचं नव्हतं. दीड वर्षापूर्वीपर्यंत ती वर्गात हजेरीला 'हजर'सुद्धा असं म्हणायची, की बाईंना दोनदा विचारावं लागे. मग ऑपरेशन झालं, आणि हॉस्पिटलच्या खिडकीवर कोणीतरी बोलायला हवं होतं. आई दिवसभर औषधांच्या दुकानात कामाला, आणि बाबा नुसताच उभा. तेव्हा टकळी पुढे झाली. पहिल्यांदा शब्द अडखळले. दुसऱ्यांदा कमी अडखळले. मग कंपनीत फोन, मग विम्याच्या माणसाशी वाद, मग वाण्याकडे, शेजाऱ्यांकडे, जिथे म्हणून बाबा उभा तिथे त्याच्या कोपरापाशी ती. बाबाने मोबाइल वर काढून टाइप करायला घ्यावं, तोवर ती सांगून मोकळी झालेली असायची. तिला कळायचंच ना, त्याला काय म्हणायचंय ते. आणि मग ते शाळेत पसरलं, तोंडाला वारं लागल्यासारखं : वादविवादात पहिली, नाटकात मोठी भूमिका, मुख्याध्यापकांना जाऊन मुलींच्या खोलीची कडी बदलायला लावणारी कोण, तर ही. तिला आरशात पाहताना स्वतःचे खांदेसुद्धा नवीन वाटायचे. मावशी राहायला आली तेव्हा दोन दिवस ते सगळं पाहून चहा पिता पिता म्हणाली होती, "एकाचा गेला, दुसरीला फुटला. घरात आवाज तेवढाच राहिला बघ." सगळे हसले होते. बाबासुद्धा, त्याचं हसणं आता गळ्यावरच्या रुमालाखालून हवा निघाल्यासारखं येतं. टकळीनेच सगळ्यांत मोठ्याने हसून घेतलं होतं. रात्री दात घासताना मात्र तिने तोंडातला फेस बराच वेळ थुंकला नव्हता. आपण काही घेतलं का त्याचं? असं काही घेता येतं का?

वर्तुळाला स्पर्शिका काढून झाली. टकळीने वहीत काढली तीही नीटच आली. डोक्यात तिने ठरवलं, की ठीक आहे, त्या मशीनवाल्या बाईचं जाऊ दे, आपणच बाबाच्या आवाजात ते वाक्य म्हणून बघू. मी वर आहे. आणि आवाज येईना. तिने डोळे मिटून पाहिलं. बाबाचा आवाज जाड होता की घोगरा? तो गाणं म्हणायचा नाही. फोनवर बोलल्याचे दोन-तीन तुकडे आईच्या मोबाइलमध्ये होते, त्यात मागे इतकं खडखडत होतं की तो कोणाचाही असू शकला असता. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र हॉस्पिटलने दिलं होतं. बाबाने एकदा लावलं, बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज निघाला, त्याने ते पुसलं, डबीत ठेवलं आणि डबी कपाटात. तो आवाज तर नकोच. खरा कुठाय? दीड वर्षात विसरायला होतं का एवढं? मागच्या बाकावरून कोणीतरी पेन्सिलने तिच्या पाठीत टोचलं आणि ती पहिल्यांदाच उलटून काही बोलली नाही.

आणि मग आठवलं ते भलतंच. आवाज नाही, आवाजानंतरचं. जेवताना बाबा म्हणायचा, "आज." मग काही नाही. सगळ्यांचे घास हातात. मग, "त्या हॉस्पिटलच्या लिफ्टला." पुन्हा काही नाही. आई म्हणायची, "बाई गं, यांचं वाक्य संपेपर्यंत जेवण निवतं. लग्न ठरवायला आले तेव्हा मला वाटलं, नकार देतायत." आणि बाबा शांतपणे पुढचा तुकडा ठेवायचा, जसं टेबलावर एकेक हत्यार मांडून ठेवावं. टकळी लहान असताना मधल्या त्या रिकाम्या वेळात पाणी पिऊन यायची. एकदा तो तिला कामावर घेऊन गेला होता. बांधकाम चालू असलेली इमारत, लिफ्ट अजून बसवायची होती. नुसती उभी काळी पोकळी, तळाशी एक दिवा, आणि दिव्यापाशी जोडीदारकाका, अंगठ्याएवढे. बाबाबरोबर इतकी वर्षं काम केलेले हे काका स्वतः अखंड बडबडे, पण शाफ्टपाशी आले की तेही बदलायचे. टकळी वरून ओरडली होती, "काका, मी आलेय, मी इथे आहे, दिसतेय का मी, काका!" आणि ते सगळं भिंतींना आपटून, एकमेकांत गुंतून, कोणी भांडी पाडल्यासारखं परत आलं. बाबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. आवाज खाली जातो. भिंतींना लागतो. परत वर येतो. तो येऊन गेला, की खालच्याची पाळी. तो बोलला, की मग आपण. मध्ये बोललं तर खालच्याला 'थांब' ऐकू येतं की 'सोड', कोणाला माहीत. आणि तिथे दोनशे किलो लोंबकळत असतं. हे सांगायला त्याला इतका वेळ लागला होता की जोडीदारकाका खालून ओरडले होते, "दादा, पोरीला शिकवतोयस की मला निवृत्त करतोयस?"

मी वर आहे. आणि मग थांबायचं. तू खाली आहेस का. आणि मग थांबायचं. टकळी वर्गात ताठ बसली. अंगठा घसरला नव्हता. ऑफिसातल्या ताईने सांगितलेली ती तिसरी युक्ती असणार, जी बाबाने घरी सांगितली नव्हती, किंवा सांगायला लागला असेल आणि हिने मध्येच "कळलं, कळलं" म्हटलं असेल. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा टाकल्या, की साइटला कळतं, इथे ओळ तोडायची, पुढचं खाली घ्यायचं. नाही टाकल्या तर साइट सगळ्या ओळी एकमेकींना चिकटवून त्यांचा परिच्छेद करते. तिचा काय दोष, तिला तसंच शिकवलंय. बाबाने एका अंगठ्याने, रोज रात्री, प्रत्येक ओळीनंतर दोनदा ठक् ठक् केलं होतं. तिला ते ऐकूही येत होतं स्वयंपाकघरात. तिने झाडू दाबला होता. आणि बाबाने 'छान' पाठवल्यावर पडद्यावर ती तीन टिंबं नाचत राहिली होती, म्हणजे तो आणखी काहीतरी लिहीत होता, आणि तेवढ्यात ती म्हणाली होती, "मग, आहेच कोण मी!" आणि टिंबं थांबली होती.

शेवटचा तास खेळाचा होता. ती पोट दुखतंय म्हणाली आणि कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसली. फाइल उघडली. ओळी तशाच होत्या, फक्त शेवटचे ठिपके नव्हते. एका फटक्यात सगळ्या ओळींना दोन दोन जागा लावता आल्या असत्या. तिने ते करायला घेतलं आणि हात मागे घेतला. कारण काही ओळी बाबाने नुसत्याच, मोबाइलचा पडदा अरुंद म्हणून तोडल्या होत्या. तिथे तो थांबला नसता. मूळ फाइल त्याच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल कारखान्यात, कामाच्या वेळी खणात, खणाला कुलूप. म्हणजे आता एकेक ओळ घेऊन ठरवायचं होतं, की इथे बाबा थांबेल का. तिने ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. मी वर आहे. हो, इथे थांबेल. ठक् ठक्. तू खाली आहेस का. थांबेल. ठक् ठक्. खालच्याने उत्तर दिल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. यात मध्ये कुठे? ती अडली. 'लावायचा नाही' नंतर ओळ तुटली होती. इथे तो घुटका घ्यायचा, नाही का, आणि मग भुवई वर करून शेवटचा तुकडा ठेवायचा. ठक् ठक्. तिला आवाज अजूनही आठवत नव्हता, पण भुवई आली. मग खांदा आला. मग नाकातून श्वास घेतल्याचा तो बारीकसा सूं, पुढचा तुकडा यायच्या आधीचा. ती ओळीमागून ओळ करत गेली, आणि एखाद्या बंद घरात एकेक खिडकी उघडत गेल्यावर खोल्या दिसायला लागाव्यात तसं तिला ते सगळं जेवणाचं टेबल, त्या सगळ्या संध्याकाळी, ज्यांत आपण पाणी प्यायला उठून गेलो होतो, दिसायला लागलं. तीन ठिकाणी तिला अजिबात ठरवता आलं नाही. तिथे तिने जागा टाकल्या. कमी थांबण्यापेक्षा जास्त थांबलेलं बरं, असा त्याचाच नियम होता, दुसऱ्या पानावर.

पुस्तक पुन्हा अकरा पानांचं झालं. लिंक तीच राहिली, आतलं बदललं. शाळेसमोरच्या दुकानात प्रती काढून घेताना यंत्रातून एकेक पान बाहेर येत होतं आणि ती बघत होती : प्रत्येक पानाची उजवी बाजू जवळजवळ पांढरी. मजकूर डाव्या कडेला, बारीक, पायऱ्यांसारखा. दुकानदार म्हणाला, "कविता का?" ती म्हणाली, "नाही, लिफ्ट." तो बिचारा पुढे काही विचारेना. बसमध्ये, मांडीवर गरम गठ्ठा घेऊन, तिला दुसरीच धास्ती पडली. साहेबांना सहा पानं आवडली होती. आटोपशीर, असं त्यांनी लिहिलं होतं. आता ही अकरा पानं नेऊन आपण बाबाचं होत आलेलं काम मोडतोय की काय? समजा साहेब म्हणाले, हे काय पोरखेळ, काल एक आज एक? मग 'नाहीतर मग' त्यांना पुरं करायला कारणच मिळालं. सहा पानं राहू दिली तर कदाचित काहीच होणार नाही. लोक वाचतील, मान हलवतील, बाबा खुर्चीत बसून शिकवेल. कदाचित. तिने वरची प्रत काढली, पहिली ओळ वाचली, आणि मग ती जिथे संपत होती तिथून पानाच्या कडेपर्यंत नुसती नजर फिरवली. बस सिग्नलला उभी होती. तिने तयारी सुरू केली : साहेब, एक मिनिट माझं ऐकून घ्या, मुद्दे तीन आहेत. वादविवादात ती अशीच सुरुवात करायची.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये सरावाची शाफ्ट होती. दोन मजले उंच, लोखंडी चौकट, तिला पत्र्याच्या भिंती, जाळीचा जिना. नवीन तुकडीतले सात-आठ जण वरच्या फळीवर दाटीने उभे होते. जोडीदारकाका एका नवख्याला पट्टा कसा बांधायचा ते दाखवत होते आणि बांधता बांधता त्याच्या लग्नाचं काय झालं तेही काढून घेत होते. बाबा कठड्याला टेकून उभा होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्याला स्वच्छ रुमाल. टकळीला पाहून त्याने भुवया वर केल्या. शाळा?

"सुटली. म्हणजे, जवळजवळ," ती धापा टाकत म्हणाली, आणि साहेबांकडे वळली. साहेबांच्या हातात सहा पानांच्या प्रती होत्या. "साहेब, त्या नका वाटू. चुकीच्या आहेत. या घ्या."

साहेबांनी गठ्ठा हातात घेऊन चाळला. "ही तर दुप्पट झाली. काल सहा होती ना?"

"सहा मी केली होती. माझी चूक. बाबाची अकराच होती. मी मोकळ्या जागा पुसल्या."

"अगं, अर्धं पान कोरं आहे हे. कोरा कागद कशाला छापायचा?" साहेबांचा सूर रागाचा नव्हता, हिशेबी माणसाला खरंच न कळल्याचा होता. "मजकूर तोच आहे ना?"

"मजकूर तोच आहे, पण साहेब, एक मिनिट माझं ऐकून घ्या. मुद्दे तीन आहेत. पहिला म्हणजे, बाबाला असं म्हणायचंय की—"

बाबाने हात वर केला. तिच्या तोंडासमोर नाही, बाजूलाच. शाफ्टमध्ये 'थांब' म्हणायला करतात तसा, पंजा उघडा. तिचं वाक्य तिथेच राहिलं. त्याने साहेबांच्या हातातून एक प्रत घेतली, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. ओळींवर त्याची नजर नव्हती, ओळी संपत होत्या तिथे होती. तिसऱ्या पानावर एका ठिकाणी तो किंचित हसला. बहुधा तिथे त्याने दोन जागा टाकल्या नव्हत्या. मग त्याने ती प्रत तुकडीतल्या सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या उंच बाईच्या हातात दिली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, तिथून बोट पांढऱ्या जागेवरून कडेपर्यंत नेलं, आणि खाली बोट दाखवलं. स्वतःकडे, मग खाली. आणि जिना उतरायला लागला.

"दादा, तू कुठे? खाली मी जातो ना," जोडीदारकाका म्हणाले. "तू कसा बोलणार?"

बाबा उतरत राहिला. जाळीच्या पायऱ्या वाजत गेल्या आणि मग वाजायच्या थांबल्या. वरून फक्त त्याचं टक्कल आणि शर्टाचे खांदे दिसत होते. शाफ्टच्या मधोमध सरावाचं वजन लोंबकळत होतं, आणि त्याची दोरी उंच बाईच्या बाजूच्या कप्पीवर, एका नवख्याच्या हातात.

"वाचू?" उंच बाई म्हणाली.

"वाचा," साहेब म्हणाले.

"मी वर आहे," ती खाली बघत मोठ्याने म्हणाली. आवाज गेला, भिंतींना लागला, परत आला. ओळ संपली होती. तिने कागदाकडे पाहिलं, तिथे पुढे काहीच नव्हतं, म्हणून तिने खाली पाहिलं. टकळीच्या जिभेवर वाक्य तयार होतं : तो आहे, ठीक आहे, पुढे वाचा. ते तिने दातांत धरलं. खालून, लोखंडी रुळावर पान्याचा, स्वच्छ, एकच ठोका आला. टण्.

जोडीदारकाकांनी पट्टा सोडला.

"तू खाली आहेस का," बाई म्हणाली. वाट. टण्. "दार उघडं आहे." वाट. टण्. आता तिच्या वाचण्याला चाल आली. ओळ, मग पांढरी जागा, मग ठोका, आणि तो ठोका इतका त्याच जागी येत होता, की जागा त्याच्यासाठीच ठेवलेली वाटावी. तसं टकळीने केलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिने फक्त बाबा थांबेल तिथे थांबवलं होतं. तिथे तो आला. "हात आत घे." टण्. "मी सोडतोय."

ठोका आला नाही.

दोरी धरलेल्या नवख्याने पकड बदलली. साहेब कठड्यावरून वाकले. "आहेत ना खाली? वाचा, पुढचं वाचा," ते हळूच म्हणाले.

"नाही साहेब," उंच बाई म्हणाली. तिने वर पाहिलंच नाही. "खालून आलं नाही अजून."

साहेब तसेच वाकून खाली बघत राहिले. खाली बाबा वाकला, तळाशी राहिलेला एक लाकडी ठोकळा, कोणाचा तरी, उचलून त्याने कडेला सरकवला. घाई न करता, आधी एक टोक, मग दुसरं. टकळीने कठडा घट्ट धरला होता. तिच्याजवळ बोलायला खूप होतं आणि तिने त्यातलं काहीच काढलं नाही. वरच्या फळीवर इतके जण श्वास धरून उभे होते, आणि त्या सगळ्यांना तो ऐकू येत होता.

"उद्यापासून यांना खालीच उभं करा," साहेब जोडीदारकाकांना म्हणाले, तेही कुजबुजत. "प्रत्येक तुकडीला."

"आणि मी?"

"तुम्ही वर. आणि शूः."

बाबा सरळ उभा राहिला, पाना रुळाजवळ नेला, आणि थांबला. बाईचा अंगठा कागदावर, त्याच ओळीच्या शेवटी. पुढची ओळ कोणी वाचली नाही.